एक रस्ता, तीन राज्ये आणि जोडलेले सिम्युलेटर

२३ जुलै २०२१ रोजी मंगळुरूहून मुंबईला निघालेली एक रेल्वेगाडी दूधसागरच्या घाटात दरड कोसळल्याने रुळांवरून घसरली. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. पण ही गाडी त्या दिवशी त्या घाटात असण्याचे मुळात कारणच नव्हते. तिचा नेहमीचा मार्ग कोकण रेल्वेचा. चिपळूणजवळ वाशिष्ठीला पूर आल्याने तो मार्ग बंद झाला, म्हणून ती मडगावहून लोंढा-मिरजमार्गे वळवण्यात आली होती. त्याच दिवसांत निपाणीजवळच्या यमगर्णी येथे वेदगंगेचे पाणी पुणे-बंगळूर राष्ट्रीय महामार्गावर आले आणि कोल्हापूर-बेळगाव वाहतूकही थांबली.

चिपळूणचा पूर, दूधसागरची दरड आणि यमगर्णीचे पाणी या घटना परस्परांपासून शेकडो किलोमीटर अंतरावर घडल्या. त्यांची दखल घेणाऱ्या यंत्रणा वेगळ्या, राज्ये वेगळी. प्रवाशांच्या आणि मालवाहू वाहनांच्या दृष्टीने मात्र ती एकच घटना होती. एक वाट बंद झाली की भार दुसऱ्या वाटेवर पडतो. दुसरीही बंद झाली की तिसरी शोधावी लागते. दरड नेमकी कोठे कोसळेल हे कोणत्याही वाहतूक प्रणालीला सांगता येणार नाही. परंतु बंद झालेल्या वाटेवरचा भार कोठे, किती वेळाने आणि किती प्रमाणात सरकेल, हा प्रश्न मोजता येण्याजोगा आहे. तो मोजण्याची एक पद्धत गेल्या दोन दशकांत जगभर रूढ झाली आहे. निरनिराळ्या सिम्युलेटरांना एकमेकांशी जोडून चालवण्याची ही पद्धत. तंत्रज्ञ तिला को-सिम्युलेशन म्हणतात. आपण तिला जोड-सिम्युलेशन म्हणू. बेळगाव-निपाणी सीमाभागाच्या संदर्भात ती समजून घेणे गोमंतकीयांच्याही हिताचे आहे.

गोव्याचा ताट आणि बेळगावची वाट

गोव्याच्या बाजारातील भाजीपाल्याचा आणि दुधाचा मोठा भाग बेळगाव परिसरातून येतो. तो येण्याच्या वाटा मोजक्याच आहेत. जांबोटी, कणकुंबीवरून उतरणारा चोर्ला घाट आणि खानापूर, लोंढ्यावरून येणारा अनमोड घाट या दोन मुख्य. चंदगड तालुक्यातून आंबोलीमार्गे सावंतवाडीला उतरणारी तिसरी वाट महाराष्ट्रातून जाते. पुण्या-मुंबईकडून येणारी वाहने कागल ओलांडून कोगनोळीला कर्नाटकात शिरतात आणि निपाणी, तवंदी घाट, संकेश्वर असा प्रवास करतात. त्यांतील काही संकेश्वरहून आजरा-आंबोलीकडे वळतात, काही बेळगाव गाठून चोर्ल्याने उतरतात.

यांपैकी एकही वाट पावसाळ्यात भरवशाची नाही. २०२५च्या जुलैमध्ये अनमोड घाटात रस्त्याचा भाग खचला आणि अवजड वाहनांवर निर्बंध आले. जांबोटीनजीक कुसमळी येथील मलप्रभेवरचा जुना पूल कमकुवत झाल्याने चोर्ला मार्गावरही अवजड वाहतूक रोखावी लागली होती. अशा वेळी वाहने उरलेल्या वाटांवर एकवटतात आणि तेथील वळणांवर रांगा लागतात. भाजीचा ट्रक उशिरा पोहोचला तर माल नासतो. चंदगड, खानापूर भागातून बेळगावच्या रुग्णालयांकडे निघालेली रुग्णवाहिका त्या रांगेत अडकली, तर नुकसानीचे मोजमाप पैशांत करता येत नाही.

पावसाखेरीज आणखी एका कारणाने येथील वाटा बंद होतात. सीमावादावरून तणाव निर्माण झाला की महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यातील बससेवा थांबते. २०२२च्या अखेरीस आणि २०२५च्या फेब्रुवारीत हा अनुभव आला. पाणी ओसरले की रस्ता खुला होतो; बस केव्हा सुरू होईल हे दोन राजधान्यांतील निर्णयांवर अवलंबून असते.

रस्त्याची आभासी प्रतिकृती

वाहतुकीचा सिम्युलेटर म्हणजे संगणकात उभी केलेली रस्त्यांची प्रतिकृती. तिच्यात प्रत्येक वाहन स्वतंत्रपणे चालते. त्याची जागा, वेग आणि पुढच्या वाहनापासूनचे अंतर ठरावीक काळाने, बहुधा प्रत्येक सेकंदाला, पुन्हा मोजले जाते. अशा प्रणालींपैकी सर्वाधिक वापरली जाणारी एक म्हणजे ‘सुमो’. जर्मनीच्या अवकाश संशोधन संस्थेने, म्हणजे डीएलआरने, २००१ पासून ती विकसित केली. ती मुक्त स्रोत असल्याने कोणत्याही विद्यार्थ्याला विनामूल्य वापरता येते.

सुमोतील मूळ नियम साधा आहे. पुढच्या वाहनाने अचानक ब्रेक लावला तरी धडक न देता थांबता येईल, एवढाच वेग प्रत्येक चालक ठेवतो. त्यात माणसाच्या ढिलाईचा थोडा अंश मिसळलेला असतो, कारण खरा चालक यंत्रासारखा अचूक नसतो. एवढ्या नियमावर हजारो वाहने सोडली की रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक गोष्टी पडद्यावर दिसू लागतात. सिग्नलपुढची रांग वाढते, अरुंद पुलाशी गर्दी होते, काही वेळा तर कारण नसताना कोंडी होते.

कारण नसताना होणारी कोंडी ही कल्पना नव्हे. २००८ मध्ये जपानी संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात २३० मीटर परिघाच्या वर्तुळाकार मार्गावर २२ मोटारी सारख्या वेगाने चालवण्यास सांगितले होते. ना सिग्नल, ना खड्डा, ना वळणाचा रस्ता. तरीही थोड्याच वेळात काही मोटारी थांबू लागल्या आणि थांबलेल्यांचा तो पुंजका लाटेसारखा मागे सरकत राहिला. एका चालकाने किंचित वेग कमी केला, मागच्याने त्याहून थोडा अधिक, त्याच्या मागच्याने आणखी अधिक, असे होत गेले. तवंदी घाटाच्या चढावर एखादा भरलेला ट्रक संथ झाला की मागे काय होते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना हे निराळे समजावण्याची गरज नाही.

संदेशांचा दुसरा सिम्युलेटर

आजची वाहतूक मात्र केवळ चाकांवर चालत नाही, संदेशांवरही चालते. चालकाच्या हातातील भ्रमणध्वनी पुढची कोंडी दाखवतो. फास्टॅग २०२१च्या फेब्रुवारीपासून टोलनाक्यांवर सक्तीचा झाला आहे. नव्याने नोंदणी होणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना स्थानदर्शक यंत्र आणि आपत्कालीन बटण बसवण्याचा नियम २०१९ पासून लागू आहे. गोव्यात मेरशीच्या चौकात २०२३ मध्ये कॅमेऱ्यांच्या आधारे चालणारी सिग्नल यंत्रणा उभी राहिली. परदेशांत याच्या पुढचा टप्पा सुरू आहे. तेथे वाहने एकमेकांना आणि रस्त्याकडेच्या खांबांना थेट रेडिओ संदेश पाठवतात. ‘मी येथे आहे, माझा वेग इतका आहे, मी ब्रेक लावला आहे’ असा मजकूर सेकंदाला दहा वेळांपर्यंत प्रसारित होतो. ‘स्मार्ट आणि जोडलेली वाहतूक’ असे ज्याला म्हणतात ती हीच.

हा संदेश पोहोचतो की नाही, हे अनेक बाबींवर ठरते. मध्ये डोंगर आला तर रेडिओलहरी अडतात. एकाच जागी खूप वाहने बोलू लागली तर संदेश परस्परांवर आदळून नष्ट होतात. चोर्ला घाटात भ्रमणध्वनीची रेंज कशी जाते, हे त्या मार्गाने येणाऱ्या-जाणाऱ्यांना ठाऊक आहेच. या सगळ्याचे गणित करण्यासाठी वेगळे सिम्युलेटर आहेत. हंगेरीत विकसित झालेला ‘ओमनेट’ आणि संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय सहकार्यातून घडलेला ‘एनएस-३’ हे त्यांतील प्रसिद्ध. ते वाहनांच्या चाकांकडे पाहत नाहीत. एक संदेश निघाला, इतक्या लक्षांश सेकंदांनी तो पोहोचला किंवा वाटेत हरवला, एवढेच ते मोजतात.

सुमोला संदेशांचे ज्ञान नाही आणि ओमनेटला रस्त्याचे नाही. दोन्ही आपापल्या विषयात निष्णात, पण परस्परांना अनोळखी. येथे जोडणीची गरज उत्पन्न होते.

एकेरी आणि दुहेरी जोडणी

सुरुवातीच्या काळात संशोधक सोपा मार्ग पत्करत. वाहतुकीचा सिम्युलेटर आधी चालवून सगळ्या वाहनांच्या हालचाली नोंदवून ठेवायच्या आणि ती नोंद संदेशांच्या सिम्युलेटरला द्यायची. ही झाली एकेरी जोडणी. तिच्यातील उणीव लगेच ध्यानात येते. ‘पुढे रस्ता बंद आहे’ असा संदेश चालकाला मिळाला तरी तो वळत नाही, कारण त्याचा प्रवास आधीच नोंदला गेला आहे. ज्या संदेशामुळे काहीच बदलत नाही, त्याचा उपयोग किती हे तपासणार कसे?

म्हणून दुहेरी जोडणी आली. २००८ मध्ये सुमोशी बाहेरून संवाद साधण्याची एक रीत मांडण्यात आली. तिचे नाव ‘ट्रासी’. तिच्याद्वारे दुसरी प्रणाली सुमोला चालता चालता प्रश्न विचारू शकते आणि आज्ञाही देऊ शकते. अमुक वाहन कोठे आहे, तमुक वाहनाचा मार्ग बदल, हा सिग्नल हिरवा कर. या रीतीचा आधार घेऊन ख्रिस्तोफ सोमर, राइनहार्ड जर्मन आणि फाल्को ड्रेसलर या संशोधकांनी ‘वेन्स’ ही चौकट उभी केली. त्यांचा याविषयीचा प्रमुख निबंध २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. वेन्समध्ये सुमो आणि ओमनेट एकत्र चालतात. सुमो वाहने एक पाऊल पुढे नेतो आणि त्यांच्या नव्या जागा कळवतो. ओमनेट त्या जागांवरून कोणाचा संदेश कोणाला पोहोचला ते ठरवतो. ज्यांना संदेश मिळाला त्यांच्या मार्गबदलाची आज्ञा सुमोकडे परत जाते. मग पुढचे पाऊल.

दोनाऐवजी अनेक सिम्युलेटर जोडायचे असतील तर मध्ये एक समन्वयक लागतो. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने युद्धसरावांसाठी अशी एक चौकट १९९०च्या दशकात तयार केली होती. २००० मध्ये तिला अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे मानक म्हणून मान्यता मिळाली. त्याच विचारावर जर्मनीत वाहतुकीसाठी उभी राहिलेली प्रणाली आता ‘एक्लिप्स मोझॅक’ या नावाने २०२० पासून मुक्त स्रोत म्हणून उपलब्ध आहे.

घड्याळ एक हवे

जोडणीतील सर्वांत नाजूक बाब म्हणजे वेळ. वाहतुकीचा सिम्युलेटर सेकंदासेकंदाने पुढे सरकतो, संदेशांचा सिम्युलेटर घटनेगणिक उड्या मारतो. एक पुढे निघून गेला आणि दुसरा मागे राहिला तर अनर्थ होतो. दहा वाजून पाच मिनिटांनी निघालेला संदेश दहा वाजताच्या वाहनाला मिळू लागतो.

यावरचा उपाय समजण्यासाठी एकेरी रेल्वेमार्गावरची जुनी टोकनपद्धत आठवावी. एका स्थानकावरून गाडी सुटायची तर चालकाच्या हाती टोकन पडले पाहिजे. टोकन नसेल तर रूळ मोकळा दिसत असूनही गाडी हलत नाही. जोड-सिम्युलेशनमध्ये समन्वयक हेच काम करतो. ‘तुला दहा वाजून एक मिनिटापर्यंत जाण्याची परवानगी आहे, कारण त्याआधी दुसऱ्याकडून तुला काहीही येणार नाही,’ असे आश्वासन मिळाल्यावरच सिम्युलेटर पुढे जातो. यात वेळ खर्च होतो. पावले लहान ठेवली तर अचूकता वाढते, पण संगणक थकतो. मोठी ठेवली तर काम झपाट्याने होते, पण संदेश उशिरा पोहोचल्याचा खोटा परिणाम दिसतो. पाऊल किती ठेवायचे हा निर्णय प्रश्नानुसार घ्यावा लागतो. दोन मोटारींची टक्कर टाळण्याचा अभ्यास असेल तर दशांश सेकंदही मोठा ठरतो. संकेश्वरचा ट्रक आंबोलीकडे वळवण्याचा अभ्यास असेल तर एक सेकंद पुरेसा आहे.

यमगर्णीला पाणी आले तर

आता ही यंत्रणा सीमाभागात कशी चालेल ते पाहू. समजा, पहाटे यमगर्णीच्या पुलाजवळ पाणी चढले आणि महामार्ग बंद करण्याचा निर्णय झाला.

रस्त्याच्या सिम्युलेटरमध्ये तो तुकडा बंद केला जातो. संदेशांचा सिम्युलेटर ही सूचना पसरवतो. कोल्हापूर शहरात असलेल्या वाहनांना ती लगेच मिळते, डोंगरात असलेल्यांना रेंज आल्यावर. ज्यांना मिळाली त्यांच्यापैकी काही राधानगरी, फोंडा घाटाने कोकणात उतरण्याचे ठरवतात, काही कोल्हापुरातच थांबतात, काही मागे फिरतात. ज्यांना मिळाली नाही ते पुलापर्यंत येऊन रांगेत उभे राहतात. रांग कागलपर्यंत गेली तर तेथून वळू इच्छिणाऱ्यांचीही वाट अडते. तासाभराने फोंडा घाटावरची वाहने वाढतात, तेथील वेग उतरतो आणि तोच घाट आता धिम्या गतीचा म्हणून दुसरी सूचना निघते.

येथे जोड-सिम्युलेशनचा खरा धडा हाती येतो. सर्व चालकांना एकाच क्षणी एकच सल्ला दिला, तर कोंडी सुटत नाही. तिची जागा बदलते. महामार्गाच्या रुंद रांगेतील वाहने घाटाच्या अरुंद वळणावर जाऊन उभी राहतात आणि तेथे ना वळण्यास जागा, ना रुग्णवाहिकेला वाट. म्हणजे हुशार म्हणवणारी माहितीच संकट वाढवू शकते. सल्ला टप्प्याटप्प्याने द्यावा काय, अवजड वाहनांना निपाणी किंवा कागलच्या अलीकडेच थांबवावे काय, भाजी आणि दुधाच्या गाड्यांना घाटात आधी सोडावे काय, हे प्रत्यक्ष पुरात प्रयोग करून ठरवता येत नाही. संगणकात ते पन्नास वेळा करून पाहता येते. केवळ रस्त्याच्या सिम्युलेटरला हा परिणाम दिसत नाही, कारण त्याच्या दृष्टीने माहिती सर्वांना असते किंवा कोणालाच नसते. केवळ संदेशांच्या सिम्युलेटरलाही दिसत नाही, कारण संदेश पोहोचला की त्याचे काम संपते. दोघे जोडले तरच तो उघड होतो.

जर्मन गणित आणि आपले रस्ते

परदेशी प्रणाली जशीच्या तशी उचलून येथे चालत नाही. सुमोत वाहने मुळात रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात; ती डावीकडून चालवायची असल्यास तसे निराळे सांगावे लागते. हे सोपे. अवघड आहे ती आपली मार्गिकांविषयीची उदासीनता. जर्मन मोटार आपल्या मार्गिकेत राहते. बेळगावच्या चन्नम्मा चौकात किंवा गोवावेसच्या परिसरात दुचाकी जेथे फट दिसेल तेथे शिरते. दोन मार्गिकांच्या रस्त्यावर एक बस, एक रिक्षा आणि तीन दुचाकी शेजारी शेजारी उभ्या असतात.

यासाठी सुमोत पुढे मार्गिकेचे उभे बारीक पट्टे पाडण्याची सोय आली. मुंबईच्या आयआयटीनेही सुमोच्या पायावर भारतीय मिश्र वाहतुकीसाठी ‘सिमट्रॅम’ ही प्रणाली तयार केली. दिल्लीच्या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने भारतीय रस्त्यांच्या वहनक्षमतेची ‘इंडो-एचसीएम’ ही संहिता सिद्ध केली. त्यामुळे येथील रस्त्याची क्षमता परदेशी कोष्टकांवरून ठरवण्याची पाळी आता येत नाही.

तरीही सीमाभागाचे वेगळेपण उरतेच. ऊस गाळपाचा हंगाम सुरू झाला की निपाणी, चिकोडी, संकेश्वर भागातील रस्त्यांवर दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर येतात. त्यांचा वेग थोडा, लांबी मोठी आणि रात्री मागचा दिवा असेलच असे नाही. असा ट्रॅक्टर कोणताही संदेश पाठवत नाही. जोडलेल्या वाहतुकीच्या नकाशावर तो अदृश्य असतो. म्हणून सर्व वाहने जोडलेली आहेत असे गृहीत धरून काढलेले निष्कर्ष येथे फसवे ठरतील. दहांतील एकच वाहन जोडलेले असेल तर काय होईल, दोन असतील तर काय, असे निरनिराळे प्रमाण घेऊन तपासावे लागेल. परदेशांतही अभ्यासक हेच करतात. आपल्याकडे ते अधिक निकडीचे आहे.

प्रवाशाची निवड हा आणखी एक धागा. माणूस घरून केव्हा निघतो, बसने जातो की दुचाकीने, हे सांगणारे सिम्युलेटर वेगळे असतात. स्वित्झर्लंड आणि जर्मनीतील संशोधकांनी घडवलेला ‘मॅटसिम’ त्यांपैकी एक. सीमेवर त्याला दोन हिशेब ठेवावे लागतील. महाराष्ट्राने २०२३च्या मार्चमध्ये एसटीत महिलांना निम्मे भाडे केले. कर्नाटकाने त्याच वर्षीच्या जूनमध्ये शक्ती योजनेखाली राज्यातील महिलांना राज्यांतर्गत साध्या बसमधून मोफत प्रवास दिला. निपाणीच्या थांब्यावर उभ्या असलेल्या महिलेने कोणती बस धरावी, याचे गणित कोणत्याही एका राज्याच्या आकडेवारीत पूर्ण दिसत नाही.

बेळगाव, बेळगावी, बेलगाम

जोडणीत गणितापेक्षा शब्दांचा घोळ अधिक त्रास देतो, असा सर्वत्रचा अनुभव आहे. एका प्रणालीत अंतर मीटरमध्ये, दुसरीत किलोमीटरमध्ये. एकीत वेळ मध्यरात्रीपासून मोजलेली, दुसरीत प्रयोग सुरू झाल्यापासून. येथे त्यात नावांची भर पडते. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले. मराठी माणूस बेळगाव म्हणतो, जुन्या इंग्रजी नोंदींत ते बेलगाम आहे. निपाणीही इंग्रजीत दोन प्रकारे लिहिले जाते. कदंबच्या वेळापत्रकातील थांबा, एसटीच्या नोंदीतील थांबा आणि वायव्य कर्नाटक परिवहनच्या फलकावरचा थांबा एकच आहे, हे माणसाला कळते. संगणकाला तीन निराळे थांबे दिसतात.

नावावर येथे भांडणे झाली आहेत आणि ती भावना खोटी नाही. पण जोड-सिम्युलेशनला नावाची गरजच नसते. प्रत्येक थांब्याला, चौकाला, पुलाला एक क्रमांक दिला आणि तो तिन्ही यंत्रणांनी मान्य केला की पुरे. फलकावर ज्याने त्याने आपल्या लिपीत आपले नाव लिहावे. क्रमांकाला लिपी नाही आणि अभिमानही नाही.

मर्यादांचे भान

जोड-सिम्युलेशन म्हणजे भविष्यवाणी नव्हे, हे स्पष्ट केले पाहिजे. आत गेलेली माहिती सदोष असेल तर बाहेर येणारे चित्रही सदोष असते. सिम्युलेटर जोडल्यावर एकाची चूक दुसऱ्यात शिरते आणि तेथे वाढते. म्हणून प्रत्येक सिम्युलेटर आधी एकटा तपासावा लागतो. कोगनोळी, हत्तरगी, हिरेबागेवाडी या टोलनाक्यांदरम्यान वाहनांना प्रत्यक्षात किती वेळ लागतो आणि प्रतिकृतीत किती लागतो, याची तुलना करावी लागते. बेळगाव-गोवा मार्गावरच्या गणेबैल नाक्यावरूनही अशी माहिती मिळू शकते. एकदा चालवून आलेल्या उत्तरावर विसंबूनही चालत नाही. चालकांच्या वागण्यातील यादृच्छिकता बदलून तोच प्रयोग अनेकदा करावा लागतो आणि उत्तर एका आकड्यात न देता एका पट्ट्यात द्यावे लागते. ‘चाळीस मिनिटे विलंब होईल’ असे सांगणाऱ्यापेक्षा ‘पंचवीस ते सत्तर मिनिटे’ असे सांगणारा अभ्यासक अधिक विश्वासार्ह मानावा.

खासगीपणाचा प्रश्नही आहे. कोणते वाहन कोठे गेले हे जाणण्याची गरज वाहतुकीच्या अभ्यासाला नसते. किती वाहने, कोणत्या प्रकारची, किती वेळात गेली एवढे पुरते. वाहनक्रमांक पुसून मगच आकडे पुढे जावेत, ही अट सुरुवातीलाच घालणे इष्ट.

सीमेला मानवणारी पद्धत

२०१६च्या जानेवारीत केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेची पहिली २० शहरे जाहीर झाली, त्यांत बेळगाव होते. त्याच वर्षी मे महिन्यात पणजीची निवड झाली. दोन्ही शहरांत नियंत्रण कक्ष उभे राहिले, कॅमेरे लागले. त्या कक्षांची दृष्टी मात्र आपापल्या शहरापुरती. बेळगावहून चोर्ल्याने निघालेला भाजीचा ट्रक कर्नाटकाच्या हद्दीतून गोव्यात येतो आणि त्या वाटेवर कोठे अडकला हे दोन्हींपैकी एकाही शहराच्या कॅमेऱ्यात दिसत नाही.

तिन्ही राज्यांची एकच मोठी यंत्रणा उभारावी, हा विचार मनात येणे साहजिक आहे. पण ती कोणाच्या ताब्यात असावी, या प्रश्नावरच ती अडेल. १९५६च्या राज्य पुनर्रचनेपासून चालत आलेला आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला वाद एखाद्या संगणकप्रणालीने सुटणार नाही; सुटावा अशी अपेक्षाही नाही. जोड-सिम्युलेशनचे महत्त्व नेमके येथे आहे. ते विलीनीकरण मागत नाही. महाराष्ट्राने आपली प्रतिकृती आपल्याकडे ठेवावी, कर्नाटकाने आपली, गोव्याने आपली. आतील गणित एकमेकांना दाखवण्याचीही आवश्यकता नाही. सीमेवर जे ओलांडते तेवढेच सांगायचे: या क्षणी कोगनोळीला इतकी वाहने निघाली, कणकुंबीला इतकी, चंदगडच्या वाटेवर इतकी, अमुक पूल बंद झाला, तमुक खुला झाला. वाहन सीमा ओलांडते तेव्हा एका प्रतिकृतीतून ते वजा होते आणि दुसऱ्या प्रतिकृतीत जमा होते. मालकी जागच्या जागी राहते, माहितीची मात्र देवघेव होते.

त्यासाठी तीन गोष्टींवर एकमत लागते: समान क्रमांक, समान घड्याळ आणि रस्ता बंद-खुला झाल्याचे कळवण्याचा समान नमुना. तिन्हींना मोठा निधी लागत नाही. तिन्ही राज्यांतील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांनी मुक्त स्रोत प्रणालींवर सुरुवातीची प्रतिकृती उभारावी, इतके हे काम आवाक्यातले आहे. आरंभ एका प्रश्नापासून करता येईल: अनमोड किंवा चोर्ला यांपैकी एक घाट पावसाळ्यात बंद झाला, तर दुसऱ्यावर अवजड वाहने किती आणि कोणत्या वेळी सोडावीत? याचे उत्तर आज घाटाच्या पायथ्याशी उभा असलेला पोलीस हवालदार अनुभवाने देतो. त्याचा अनुभव मोलाचा आहेच. पण घाटाच्या माथ्यावर, दुसऱ्या राज्यात, त्या क्षणी किती ट्रक वळणाच्या तयारीत आहेत, हे त्याला दिसत नाही. ते त्याच्यापर्यंत वेळेत पोहोचले, तर गोव्यातल्या स्वयंपाकघरात दूध वेळेवर येईल आणि चंदगडच्या रुग्णालाही बेळगाव वेळेवर गाठता येईल.